केसपेपरवर खरे लिहून घ्या

आमच्या भागातल्या बायका पडतात फार. मोरीत घसरून पडतात, गोठ्यात दाव्याला अडखळून पडतात, जिन्यावरून पडतात. निदान दवाखान्यात आल्यावर तसे सांगतात. सोबत मालक नाहीतर सासूबाई असतात आणि बाईने तोंड उघडायच्या आत तेच बोलतात. पण वाचकहो, पडल्याची जखम वेगळी आणि मारल्याची वेगळी. बावड्यासारख्या गावात वर्षानुवर्षे प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला ती ओळखू येते.

पडणारा माणूस तळहात, गुडघा, कोपर यांवर आपटतो. मार चुकवणारी बाई हात आडवा धरते, म्हणून मनगट ते कोपर या भागात करंगळीच्या बाजूला वळ उठतात, कधी तिथलेच हाड मोडते. कानशिलात जोरात बसली की कानाचा पडदा फाटतो आणि बाई 'कानात दडे बसलेत' म्हणून येते. पाठीवर एक डाग काळानिळा आणि शेजारचा हिरवट पिवळा असेल, तर ते बहुधा एका दिवसाचे नव्हेत.

गळा दाबण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. त्यात बाहेरून कधी कधी काहीच दिसत नाही. आवाज बसतो, गिळताना दुखते, डोळ्यांत लाल ठिपके येतात. आतली सूज काही तासांनी वाढून श्वास अडकू शकतो. अशा बाईला गोळ्या देऊन घरी पाठवू नये, मोठ्या रुग्णालयात हलवावे. ज्याने एकदा गळा दाबला, त्याच्याकडून पुढे जिवाला असलेला धोका बराच वाढतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. 'रागाच्या भरात झालं' म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही.

हे थोड्या घरांत घडते असेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण दर चार विवाहितांमागे एकीने नवऱ्याकडून त्रास झाल्याचे सांगितले. न सांगणाऱ्या वेगळ्या.

आता मुद्द्याचे. बाईने 'पडले' सांगितले की केसपेपरवर तेच लिहिले जाते. दोन वर्षांनी प्रकरण कोर्टात गेले तर समोरचा वकील तोच कागद पुढे करतो. उलट 'नवऱ्याने काठीने मारल्याचे रुग्ण सांगते' एवढी एक ओळ, तारीख, वेळ आणि जखमांची मापे त्या कागदावर असतील, तर तो मोठा पुरावा होतो. भाऊबंद साक्ष फिरवतात, शेजारी 'आम्ही घरात नव्हतो' म्हणतात. कागद फिरत नाही. म्हणून मी जखम पाहिली की सोबतच्या मंडळींना बाहेर बसवतो आणि बाईला एकटीला विचारतो. डॉक्टरने न विचारता समजुतीच्या चार गोष्टी सांगणे मला पटत नाही.

यावर बाईचे उत्तर ठरलेले असते. "डॉक्टर, लिहू नका. मालकाला आत टाकतील, मग लेकरांचं काय?" ही भीती खोटी नाही, पण ती अपुऱ्या माहितीतून येते. एक वाट फौजदारी आहे. पूर्वीचे ४९८-अ कलम आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत ८५ वे कलम म्हणून आले आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जखम गंभीर असेल तर डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते, हेही खरे. पण दुसरी वाटही आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात काडीमोड घ्यावा लागत नाही, घर सोडावे लागत नाही. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला 'मारू नकोस, घराबाहेर काढू नकोस, खर्चाला पैसे दे' असा हुकूम करू शकतात, तातडी असेल तर त्याची बाजू ऐकण्याआधीही. तुरुंगाचा प्रश्न येतो तो हुकूम मोडल्यावर; तेव्हा एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

'घर तर सासऱ्यांच्या नावावर आहे' हाही अडसर आता तितकासा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये ठरवले, की सून जिथे संसार करत होती ते घर नातेवाइकाच्या नावावर असले तरी तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. आणि अर्ज सासरच्याच गावी करावा लागतो असेही नाही. बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही तो चालतो. म्हणजे नीरेपलीकडून, अकलूजकडून माहेरी बावड्याला आलेली लेक इंदापूरच्या कोर्टात अर्ज करू शकते. बीडकडून ऊसतोडीला आलेली, फडाशेजारी कोपीत राहणारी बाईसुद्धा करू शकते. तिच्यापर्यंत हे कोणी पोचवत नाही, ही गोष्ट निराळी.

अर्जासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. ते कुठे भेटतील हे अंगणवाडीच्या ताईंना किंवा पंचायत समितीच्या बालविकास कार्यालयात विचारावे. वकिलाचा खर्च पडत नाही. बाईचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० हा फोन आहे. रात्री-अपरात्री ११२ किंवा १८१ लावावा. जिल्ह्याच्या सखी केंद्रात काही दिवस राहण्याचीही सोय होते.

दवाखान्यातूनच मदत सुरू व्हावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी २००० साली 'दिलासा' केंद्र उभे केले. तिथे जखमेवर पट्टी बांधली जाते आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईचे ऐकून घेते. तालुक्याच्या ठिकाणी असे कधी होईल, हे ज्यांच्या हाती आहे त्यांनी सांगावे. तोवर गावची तंटामुक्ती समिती बसते आणि 'पुन्हा असे होणार नाही' यावर उठते. समझोता जरूर करावा, पण लेखी, आणि बाईच्या अर्जाच्या आड तो येऊ देऊ नये.

उपचार घेताना आधी पोलिसांत तक्रार केलीच पाहिजे, अशी अट नाही. सरकारने या कायद्याखाली ठरवलेल्या दवाखान्याने तपासणी अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची असते. ती मागून घ्यावी. घरी मात्र नेऊ नये. भावाकडे, मैत्रिणीकडे किंवा अंगणवाडीच्या ताईंकडे ठेवावी.