बाळ पायाळू आहे?

ताईंनो, सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसलं म्हणून घाबरू नका. बहुतेक बाळं पुढे आपोआप डोकं खाली घेतात. दिवस भरल्यावर शंभरात तीन-चारच तशी राहतात. (पायाळूला गुप्तधन दिसतं, वीज ओढते, या भाकडकथा.)

पोट चोळून बाळ फिरवायला मात्र कुणाला बोलावू नका, सासूबाई कितीही म्हणोत. वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो. ३६-३७ आठवड्यांनंतर डॉक्टरही पोटावरून हातानेच बाळ फिरवतात, पण सोनोग्राफी करून, ठोके तपासत, ऑपरेशनची सोय जवळ ठेवून. साधारण निम्म्या वेळा फिरतं. आधी सिझर झालं असेल, अंगावरून रक्त गेलं असेल, तर आधीच सांगा.

नाही फिरलं, तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच. अंगावरून पाणी गेलं तर कळांची वाट पाहू नका. नाळ आधी बाहेर येऊ शकते. लगेच १०८ ला फोन करा.