सर्व्हरच्या बाजूने – लेखांक 6 : पैसे कटले, लॉगिन गेले

मागच्या लेखांकात सेशन म्हणजे काय ते पाहिले. सेशन टिकते कुकीच्या भरवशावर, आणि कुकी बिघडली की बहुतेक जण आधी लॉगिनचा कोड उघडून बसतात. दोष तिथे क्वचितच सापडतो. सर्व्हरने पाठवलेल्या ‘सेट-कुकी’ या ओळीला विनंतीएवढेच वजन असते. 1994 मध्ये लू मॉन्टुली यांनी नेटस्केपसाठी कुकी घडवली, तेव्हापासून ती ठेवायची का आणि परत केव्हा द्यायची हे ब्राउझरच्या हातात आहे. परत येते तेही फक्त नाव आणि मूल्य. न आलेली कुकी का आली नाही, हे सर्व्हरच्या लॉगमध्ये कधीच उमटत नाही. म्हणून तपास ब्राउझरपासूनच सुरू व्हायला हवा.

छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या महाविद्यालयाचे परीक्षा शुल्क भरण्याचे पोर्टल डोळ्यांसमोर आणा. विद्यार्थी लॉगिन करतो, फॉर्म भरतो, पेमेंट गेटवेवर जाऊन ओटीपी टाकतो आणि परत येतो, तर समोर पुन्हा लॉगिनचे पान. पैसे मात्र कटलेले. तक्रार आल्यावर प्रोग्रामर स्वतः करून पाहतो आणि त्याचे सगळे सुरळीत पार पडते. याचे कारण वेळेत आहे. अनेक गेटवे ग्राहकाला ‘पोस्ट’ पद्धतीने परत पाठवतात. फेब्रुवारी 2020 मध्ये क्रोम 80 आले आणि ज्या कुकीवर ‘सेमसाइट’ लिहिलेले नाही ती ‘लॅक्स’ धरायला सुरुवात झाली. दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर लॅक्स कुकी जात नाही. चालू व्यवहार मोडू नयेत म्हणून क्रोमने अशा कुकीला एक सवलत ठेवली: ती दोन मिनिटांच्या आत लावलेली असेल, तर जाऊ द्यायची. प्रोग्रामरची चाचणी त्या दोन मिनिटांत उरकते, ओटीपीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे काम उरकत नाही. त्यात परतीच्या पानावर पीएचपीचे सेशन आपोआप सुरू होत असेल, तर कुकी न दिसल्याने ते नवी लावते आणि जुनी, चांगली असलेली कुकी पुसली जाते.

‘सेमसाइट=नन’ लिहून मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. त्यासोबत ‘सिक्युअर’ लिहिले तर ते चालतेही. पण त्यामुळे पोर्टलची मुख्य सेशन कुकी कोणत्याही परक्या साइटच्या पोस्टबरोबर जाऊ लागते, आणि विद्यार्थ्याच्या नावाने खोटी मागणी पाठवण्याची वाट मोकळी होते. एका पानासाठी ही किंमत फार आहे. त्यापेक्षा परतीचे पान सेशनवर अवलंबूनच ठेवू नये. ऑर्डर क्रमांक आणि गेटवेची सही तपासावी, रक्कम नोंदवावी आणि 303 ने आपल्याच पुढच्या पानावर पाठवावे. ती मागणी ‘गेट’ असल्याने लॅक्स कुकी सोबत येते.

आपल्या शहरात आणखी एक प्रश्न पडू शकतो. 2023 मध्ये शहराचे नाव बदलले. त्यानुसार एखाद्या संस्थेने संकेतस्थळाचा पत्ता बदलला, तर जुन्या पत्त्यावरची कुकी नव्या पत्त्यावर जात नाही. पुनर्निर्देशन केले तरी नाही. दोन्ही पत्ते ‘एसी डॉट इन’खाली असतील, तर त्या सामाईक भागावरच कुकी लावण्याची युक्ती सुचते. ब्राउझर ती नाकारतो, कारण हा भाग कोणा एकाचा नसल्याची नोंद सार्वजनिक प्रत्ययांच्या यादीत आहे. अशा वेळी वापरकर्त्याला नव्या पत्त्यावर एकदा लॉगिन करायला लावणेच सरळ.

(पुढील लेखांकात : कुकी पुसताना डोमेन आणि पाथ जुळले नाहीत तर काय होते)