कॉम्प्रेशन चालू केलं म्हणून डीआरची लिंक मोकळी होत नाही

‘प्रायमरी स्टोरेजवर कॉम्प्रेशन चालू करू, म्हणजे डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइटकडे जाणारा डेटाही आपोआप निम्मा होईल.’ स्टोरेजच्या बैठकांमध्ये हे वाक्य इतक्या खात्रीनं बोललं जातं, की पुढे कोणी प्रश्नच विचारत नाही. तो विचारायलाच हवा, कारण याच वाक्याच्या भरवशावर लिंकचा आणि डिस्कचा खर्च ठरतो.

डिस्कवर डेटा दाबून ठेवणं आणि लिंकवरून तो दाबून पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. रेप्लिकेशन डेटा कुठल्या टप्प्यावर उचलतं, त्यावर सगळं अवलंबून असतं. कॉम्प्रेशनच्या आधी उचललं, तर लिंकवरून पूर्ण आकाराचाच डेटा जातो. ओपनझेडएफएसचंच पाहा. तिथं साधी ‘झेडएफएस सेंड’ आज्ञा दिली, तर दाबलेले ब्लॉक उलगडून पाठवले जातात आणि पलीकडची यंत्रणा स्वतःच्या सेटिंगप्रमाणे ते पुन्हा दाबते. दाबलेलेच ब्लॉक पाठवायचे, तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. तो २०१७च्या ०.७ आवृत्तीपासून आहे आणि मॅन्युअलमध्ये नोंदवलेला आहे. नेटअ‍ॅपचं असिंक्रोनस स्नॅपमिरर मात्र साधारणपणे दाबलेले ब्लॉक तसेच पाठवतं. पण पलीकडच्या व्हॉल्यूमवर कोणी वेगळं पोस्ट-प्रोसेस कॉम्प्रेशन चालू केलं, की हा फायदा जातो; कंपनीचे दस्तऐवज तसा इशारा देतात. दोन यंत्रणांची दोन उत्तरं असताना ‘आपोआप’ हा शब्द येतोच कुठून?

याहून घातक समज जुन्या डेटाबद्दल आहे. या दोन्ही यंत्रणांत नुसतं सेटिंग बदललं, तर त्यानंतर लिहिला जाणारा डेटाच दाबला जातो. जुना दाबायचा, तर तो पुन्हा लिहावा लागतो, आणि ब्लॉक पाहून चालणाऱ्या रेप्लिकेशनला पुन्हा लिहिलेला प्रत्येक ब्लॉक नवाच दिसतो. १० टीबी जुना डेटा दाबून ५ टीबी झाला, तर लिंकवरून दाबलेलेच ब्लॉक गेले, तरी ते ५ टीबी पलीकडे जायला हवेत. १ जीबीपीएसची लिंक पूर्ण वेगानं आणि फक्त याच कामासाठी वापरली, तरी ११ तास लागतात. तेवढा वेळ रोजचे बदल रांगेत थांबतात आणि आरपीओचं, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळाचा डेटा गमावणं चालेल याचं, आश्वासन मोडू शकतं. शिवाय जुने ब्लॉक स्नॅपशॉटनी धरून ठेवलेले असतात. ते स्नॅपशॉट जाईपर्यंत जुने १० आणि नवे ५, असे १५ टीबी अडकतात. जागा वाचवायला निघालेल्यांचं व्हॉल्यूम भरतं ते इथं! हे बिघाडानं होत नाही, ही यंत्रणेची ठरलेली कार्यपद्धती आहे, आणि म्हणूनच ती आधी माहीत नसणं अक्षम्य आहे.

डीआरची क्षमता प्रायमरीवरच्या दाबलेल्या आकड्यावरून ठरवू नका. डेटा उलगडून जात असेल आणि पलीकडे कॉम्प्रेशन बंद असेल, तर पूर्ण आकाराची जागा लागते. ती संपली की रेप्लिकेशन थांबतं.

आता किरकोळ गैरसमज. कॉम्प्रेशननं डेटा बिघडतो? नाही, स्टोरेजमधलं कॉम्प्रेशन लॉसलेस असतं, एक बिटही बदलत नाही. सगळं मंदावतं? एलझेड४ हा अल्गोरिदम एका कोअरवर सेकंदाला ५०० एमबीहून अधिक डेटा दाबतो, असं त्याच्या अधिकृत पानावर नमूद आहे. सगळाच डेटा निम्मा होतो? जेपीईजी, व्हिडिओ आणि सर्व्हरवरच एन्क्रिप्ट होऊन आलेला डेटा जवळजवळ दबतच नाही.

बदल करण्यापूर्वी विक्रेत्याकडून दोन उत्तरं लेखी घ्या: लिंकवरून डेटा दाबलेला जातो की उलगडलेला, आणि जुना डेटा दाबताना किती ब्लॉक पुन्हा पाठवले जातील. मग आधी एकाच लहान व्हॉल्यूमवर चालू करा, पुढचं रेप्लिकेशन पूर्ण होऊ द्या, लॅग आणि स्नॅपशॉटची जागा मोजा, आणि त्यानंतरच दुसऱ्या व्हॉल्यूमला हात लावा.