चंद्र, सावली आणि खोटे देखावे

सणावाराला हल्ली शुभेच्छांसोबत निसर्गदेखाव्यांचे फोटोही फोनवर येतात. त्यांतले कितीतरी संगणकावर जोडलेले, नाहीतर मुळातच यंत्राने बनवलेले असतात. ते ओळखणे नातवंडांचे काम, असे आपल्या वयाची मंडळी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आपण शाळेत भूगोल शिकलो आणि घरी लुआह पाहून सण धरले. एवढे भांडवल पुष्कळ आहे.

हनुकाचेच घ्या. आम्ही राहतो त्या आइंडहोवनचा एक फोटो ‘हनुकाची पहिली रात्र’ म्हणून फिरत आमच्यापर्यंत आला. 1966 साली फिलिप्स कंपनीने बांधलेली एव्होलुऑनची उडत्या तबकडीसारखी इमारत, खाली बर्फ, मागे डोंगरांची रांग आणि वर पूर्ण चंद्र. आता हनुका सुरू होतो 25 किस्लेवला. आपला महिना नव्या चंद्रकोरीपासून मोजतात, तेव्हा पंचविसाव्या रात्री चंद्र झिजलेला असतो आणि पहाटेच्या सुमाराला उगवतो. पौर्णिमा शोभते ती पेसाहला आणि सुक्कोथला, कारण ते पंधरा तारखेचे सण. डोंगरांबद्दल तर बोलायलाच नको! युरोपातल्या नेदरलँड्सचे सर्वांत उंच ठिकाण 322 मीटरचे आहे आणि ते इथून दूर, पार आग्नेय कोपऱ्यात, जर्मनी-बेल्जियमच्या सीमेवर. आइंडहोवनमध्ये सायकलवाल्यालाही चढ शोधावा लागतो.

चंद्रकोरीची आणखी एक खूण. तिची फुगीर उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. मावळतीच्या सूर्याकडे टोके करून बसलेली कोर कोणीतरी चिकटवलेली समजावी. पूर्ण चंद्र तर सूर्याच्या समोरच्या दिशेला उगवतो. दोघे शेजारी शेजारी दिसणे शक्य नाही.

मग सावली पाहा. डिसेंबरात इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौपट पडते. आपल्या अलिबागला मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली. तेव्हा युरोपच्या बर्फात आखूड सावलीची माणसे दिसली, तर ती दुसरीकडून आणून बसवली आहेत.

दिशा कळत असेल तर काम आणखी सोपे. अलिबागचा समुद्र पश्चिमेला आहे, तिथे सूर्य पाण्यात मावळतो, पाण्यातून उगवत नाही. गेटवे ऑफ इंडियासमोरचे पाणी मात्र पूर्वेला. मसादावरून मृत समुद्रापलीकडे दिसतो तोही उगवतीचाच सूर्य.

पण गंमत पुरे, कारण अशा फोटोंवर पैसेही मागितले जातात. कोकणातल्या आपल्या एका जुन्या कबरस्तानात पाणी शिरले, मदत पाठवा, असा संदेश फोटोसकट आला. ओळखीच्या एका मावशी पेन्शनमधून रक्कम काढायला निघाल्या होत्या. आम्ही फोटो मोठा करून पाहिला. काठावरचा एकच वाकडा माड तीन ठिकाणी उभा होता, झावळीसुद्धा तीच मोडलेली. पाण्यात थडग्यांचे प्रतिबिंब होते, माडांचे नव्हते. गावात राहणाऱ्या नातलगाला फोन केला. तो म्हणाला, “पाणी? इथे विहिरीला नाही!” मावशींचे पैसे वाचले.

एकच तुकडा पुन्हा पुन्हा उमटवणे ही जुनी युक्ती आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये बैरुतवरच्या धुराचा एक फोटो रॉयटर्सने असाच मागे घेतला. धुराचे तेच लोट ओळीने दिसत होते. पुढे त्या छायाचित्रकाराचे सर्व, 900 हून अधिक, फोटो काढून टाकले. नॅशनल जिऑग्राफिकने तर फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते. यंत्राने बनवलेल्या चित्रांत तुकडे असे सापडतीलच असे नाही. तिथे दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. हिब्रू अक्षरे लांबून बरोबर वाटतात, वाचायला गेले की शब्द लागत नाही.

तरी विचित्र दिसले म्हणजे खोटेच, असेही धरू नये. 10 मे 2024 च्या रात्री नेदरलँड्सच्या आकाशात उत्तरेकडचा ध्रुवीय प्रकाश दिसला, गुलाबी आणि हिरवा. डोळ्यांना तो फिका वाटतो, फोनचा कॅमेरा जास्त वेळ उजेड गोळा करतो म्हणून फोटोत रंग भडक येतात. मुलाने तो फोटो अश्दोदला आत्याला पाठवला. तिचे उत्तर आले, “रंग जरा कमी घालायचे होते.”