मानव-उत्क्रांतीचे संशोधन आणि मराठवाड्यातील अभ्यासक

मानवी शरीराचा इतिहास हा ज्या शास्त्राचा विषय आहे, त्यास पूर्वी शारीर मानवशास्त्र म्हणत. आता जैविक मानवशास्त्र ही संज्ञा अधिक रूढ झाली आहे. मानवाची उत्क्रांती, प्राचीन सांगाड्यांचा अभ्यास, आजच्या मानवसमूहांतील शारीरिक व आनुवंशिक वैविध्य आणि वाढ व पोषण हे त्याचे प्रमुख प्रांत होत. लातूर व नांदेड ह्या दोन शहरांत दरवर्षी हजारो विद्यार्थी जीवशास्त्राचा कसून अभ्यास करतात. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग तर महाराष्ट्रभर सर्वांच्या तोंडी झाला आहे. तथापि हा बहुतेक सारा अभ्यास वैद्यकीय प्रवेशाच्या दारापाशी येऊन थांबतो. त्याच ज्ञानाचा मानवाच्या पूर्वेतिहासाशी काही संबंध आहे, हे विद्यार्थ्यांस सहसा कोणी सांगत नाही. ह्या शास्त्रात संशोधन कसे चालते, त्यात प्रवेश कोणत्या वाटांनी होतो आणि आपल्या प्रदेशातील अभ्यासकास त्यात काय करता येण्याजोगे आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ह्या शास्त्राचा पूर्वेतिहास निष्कलंक नाही. वंशावंशांत उच्चनीच भाव असतो असे आधीच ठरवून त्याला पुरावा म्हणून कवट्या मोजण्याचा उद्योग युरोपात दीर्घकाळ चालला. बर्लिनमध्ये १९२७ साली स्थापन झालेली कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था व तिचे संचालक ऑयगेन फिशर हे ह्या विचारसरणीचे एक मोठे केंद्र होते. त्याच संस्थेत १९३० च्या सुमारास इरावती कर्वे ह्यांनी आपला प्रबंध पूर्ण केला. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता हा त्यांचा विषय होता. ही असमानता युरोपीय कवट्यांत अधिक असावी व ती बौद्धिक श्रेष्ठतेची खूण ठरावी, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. कर्वे ह्यांनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी असमानतेचा तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. परक्या देशातील एका विद्यार्थिनीने आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध आकडे मांडावेत, ह्यास धैर्य तर लागतेच. पण त्या धैर्याला आधार मोजमापाच्या शिस्तीचा होता. ह्या शास्त्रात येऊ इच्छिणाऱ्याने सिद्धान्तांच्या आधी ही शिस्त आत्मसात केली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१९३९ मध्ये कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि तीच शिस्त त्यांनी महाराष्ट्राच्या अभ्यासाला लावली. संख्याशास्त्राची बाजू सांभाळणारे वि. म. दांडेकर ह्यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील मानवमितीवरील ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९६८ मध्ये कैलास मल्होत्रा ह्यांच्यासमवेत समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रकाशित झाली. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातिसमूहातील पोटगट शरीरमापनात एकमेकांहून भिन्न असू शकतात, हा त्या अभ्यासाचा आशय होता. ‘वंश’ हे स्थूल एकक बाजूला सारून, ज्या गटात प्रत्यक्ष विवाहसंबंध होतात तो लहान गट हेच अभ्यासाचे एकक मानावे, ही दृष्टी त्यातून दृढ झाली. आनुवंशिकीचे आजचे अभ्यासकही भारतात नमुने घेताना हेच एकक धरून चालतात.

जिवंत माणसांच्या मोजमापाकडून मृतांच्या अस्थींकडे वळले असता महाराष्ट्राची संपत्ती अधिकच ठळक होते. नेवासे, दायमाबाद आणि शिरूर तालुक्यातील इनामगाव ह्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत घरांच्या जमिनीखाली दफने आढळली आहेत. इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ ह्या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ह्यांनी केले. तेथे दोनशेहून अधिक दफने मिळाली व त्यांत बहुसंख्य लहान मुलांची होती. दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवावयाचे व त्यांत मुलाचे शव पुरावयाचे, अशी तेथील रीत होती.

ह्या अस्थींपासून माहिती कशी मिळते, हे समजून घेणे उद्बोधक आहे. दातांची घडण ठरावीक क्रमाने होते आणि उपासमार वा आजार ह्यांचा तिच्या गतीवर हाडांच्या मानाने कमी परिणाम होतो. म्हणून मुलाचे वय दातांवरून ठरवावयाचे आणि त्या वयास मांडीचे हाड किती लांब असावयास हवे, ह्याच्याशी प्रत्यक्ष लांबी ताडून पाहावयाची. अंतर मोठे असेल तर वाढ खुंटली असे अनुमान निघते. शिवाय दंतवल्क एकदा तयार झाले की पुन्हा बदलत नाही. त्यामुळे बालपणीच्या आजाराची आडवी रेघ दातावर कायम राहते. सुभाष वाळिंबे, जॉन लुकाच व त्यांच्यानंतर ग्वेन रॉबिन्स शुग ह्यांनी ह्या सांगाड्यांचा अभ्यास केला. शुग ह्यांचा ग्रंथ २०११ मध्ये निघाला. इ. स. पूर्व १००० नंतरच्या उत्तर जोर्वे काळात मुलांची वाढ व शरीरभार ह्यांना ओहोटी लागल्याची चिन्हे त्यांस आढळली.

तथापि अशा अनुमानांत एक धोका आहे. १९९२ मध्ये जेम्स वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नेमकेपणाने मांडला. दातावर रेघ उमटली, ह्याचा अर्थ ते मूल त्या आजारातून वाचले. जे तत्काळ दगावले त्याच्या अस्थींवर कोणतीच खूण उरत नाही. म्हणजे खुणा नसलेला सांगाडा हा निरोगी माणसाचाच असेल असे नव्हे. शिवाय स्मशानात मिळतात ती मुले मेलेली असतात. जी जगली व वाढली त्यांचे प्रतिनिधित्व ती करीत नाहीत. लोकसंख्याशास्त्राचा पाया पक्का नसलेला अभ्यासक येथे हमखास चुकतो.

ताम्रपाषाणयुगाच्याही पुष्कळ मागे गेल्यास नदीकाठचे गाळाचे थर हेच आपले दप्तर ठरते. ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशातील हथनोरा येथे नर्मदेच्या गाळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया ह्यांस एका प्राचीन मानवी कवटीचा उजवा अर्धा भाग सापडला. प्रथम तिची गणना होमो इरेक्टस ह्या जातीत करण्यात आली. पुढे १९९१ मध्ये केनेथ केनेडी व सहकाऱ्यांनी ती आद्य होमो सेपियन्सची असल्याचे प्रतिपादन केले आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा शोध लावणारे गृहस्थ भूवैज्ञानिक होते. गाळाचा थर ओळखण्याची विद्या ज्याला अवगत आहे, त्याच्याच दृष्टीस असे अवशेष पडतात.

मराठवाड्याच्या दृष्टीने ह्याचे महत्त्व उघड आहे. लातूर जिल्ह्यातून वाहणाऱ्या मांजरेच्या गाळात हत्तीवर्गीय प्राणी, पाणघोडा, रानबैल इत्यादींचे प्लायस्टोसीन काळातील जीवाश्म मिळाले आहेत. डेक्कन कॉलेजच्या जोशी, राजगुरू, बदाम प्रभृती संशोधकांनी ह्या खोऱ्याचा पुरातत्त्वीय अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या थरांत असे प्राणी आढळतात, त्यांत मानवाची हत्यारे वा अस्थी शोधणे हे शास्त्रशुद्ध कार्य होय. परंतु जीवाश्माचे मोल त्याच्या जागेत असते. कोणत्या थरातून, किती खोलीवरून तो निघाला ह्याची नोंद नसेल तर तो केवळ एक जड दगड उरतो. वाळूच्या उपशाने नदीपात्रे जसजशी उकरली जात आहेत, तसतसे हे दप्तर वाचण्याआधीच नष्ट होत आहे.

प्राचीन डीएनएच्या परीक्षणामुळे आता अस्थींच्या मोजमापाची गरज उरली नाही, असा एक समज आहे. राखीगढी येथील संशोधन तो दूर करण्यास पुरेसे आहे. २०१९ मध्ये वसंत शिंदे व सहकाऱ्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यासाठी एकसष्ट नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी केवळ एकातून उपयोगी डीएनए मिळाले. उष्ण हवामानात डीएनए झपाट्याने विघटित होते. सबब दख्खनच्या अस्थींविषयीचे बरेचसे ज्ञान यापुढेही डोळ्यांनी, मापनयंत्रांनी व क्ष-किरणांनीच मिळवावे लागणार आहे.

जिवंत माणसांच्या अभ्यासालाही येथे वाव आहे. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात कोलाम, गोंड, परधान, आंध ह्या जमाती राहतात. बालकांची वाढ, पोषण, सिकलसेल ह्यांसारखे आनुवंशिक रक्तदोष ह्यांचा अभ्यास तेथे शास्त्राला उपयुक्त व लोकांनाही हितावह ठरू शकतो. मात्र रक्त घेऊन निघून जाणारा संशोधक पुन्हा त्या पाड्यावर विश्वासाने जाऊ शकत नाही. ज्यांचे नमुने घेतले त्यांच्या भाषेत हेतू सांगणे, त्यांची संमती घेणे आणि निष्कर्ष त्यांस कळविणे ही संशोधनाची अंगभूत कर्तव्ये होत.

आता व्यवसायाचा प्रश्न. येथे विद्यार्थ्यास खोटी आशा दाखविणे योग्य होणार नाही. अध्यापनाच्या जागा थोड्या आहेत व त्या पुणे, दिल्ली, कोलकाता अशा मोजक्या ठिकाणी एकवटल्या आहेत. १९४५ मध्ये स्थापन झालेले भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण हे शासकीय नोकरीचे प्रमुख क्षेत्र असून त्याचे एक प्रादेशिक केंद्र नागपूर येथे आहे. मानवशास्त्र व पुरातत्त्व हे दोन्ही विषय ‘नेट’ परीक्षेत स्वतंत्रपणे घेता येतात. ज्यांच्या विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग नाही, त्यांना शेजारच्या शास्त्रांतून येण्याच्या वाटा आहेत: भूविज्ञानातून गाळ व कालमापन, वैद्यकातून शरीररचना, जीवविज्ञानातून आनुवंशिकी, संख्याशास्त्रातून विश्लेषण. आनुवंशिकीसाठी नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यास हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवविज्ञान संस्था पुण्याइतकीही दूर नाही. ह्यांपैकी एका शास्त्रात पूर्ण प्रावीण्य व दुसऱ्यात कामापुरता प्रवेश, एवढी सामग्री असलेल्यास मानवशास्त्रातील जागा न मिळाल्यास मूळ शास्त्रात परतता येते. जागांची संख्या पाहता ही तरतूद शहाणपणाची आहे.

अध्यापकांपुढेही काही कार्य आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ मध्ये झाली; त्याच्या क्षेत्रात भूविज्ञान, जीवविज्ञान व सामाजिक शास्त्रे ह्यांचे शिक्षण मिळते आणि नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शरीररचना विभागातील अस्थिसंग्रहावर विज्ञान व इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षातून काही आठवडे काम करू देणे, मांजरा व गोदावरीच्या काठी मिळणाऱ्या जीवाश्मांची स्थान, थर व छायाचित्रांसह एक नोंदवही ठेवणे, आणि वाळू काढणाऱ्या मजुरांस व शेतकऱ्यांस असे अवशेष न हलविता कळविण्याची विनंती करणे, ह्यांस नवा विभाग वा मोठे अनुदान लागत नाही. अशी नोंदवही दहा वर्षे चालली, तर पुढे येणाऱ्या संशोधकास कोठे खणावे हे तरी कळेल. आणि ती आज सुरू झाली नाही, तर खणण्याजोगे थर तोवर शिल्लक राहतील ह्याची शाश्वती नाही.