छिद्र नसलेली गळती

सिलिंडरवर लिहिलेले असते, ‘99.999 टक्के शुद्ध आरगॉन’. सगळे सांधे घट्ट आवळलेले असतात. साबणाचे पाणी लावले तरी एकही बुडबुडा उठत नाही. तरीही किरणोत्सार टिपणाऱ्या उपकरणाचे संकेत क्षीण होत जातात. हवा आत येत असते ती थेट नळीच्या भिंतीतून.

अशा उपकरणात, उदाहरणार्थ प्रपोर्शनल काउंटरमध्ये, 90 टक्के आरगॉन आणि 10 टक्के मिथेनचे मिश्रण सर्रास वापरतात. किरण वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतो. ते केसाहून बारीक तारेकडे खेचले जातात आणि तिच्याजवळ हजारो पटींनी वाढतात. वाटेत ऑक्सिजनचा रेणू भेटला, तर तो इलेक्ट्रॉनला चिकटून बसतो आणि तेवढा संकेत बुडतो. प्रवास जितका लांब, तितके नुकसान जास्त. जिनिव्हाजवळच्या सर्न येथील ‘ॲलिस’ प्रयोगात इलेक्ट्रॉनना अडीच मीटरपर्यंत जावे लागते. म्हणून तिथला वायू पुन्हा पुन्हा तांब्याच्या उत्प्रेरकावरून फिरवून ऑक्सिजन दशलक्षात काही कणांपर्यंत खाली ठेवतात.

पण नळीत दाब जास्त असताना बाहेरची हवा आत कशी येते? प्रत्येक वायू फक्त स्वतःच्या दाबातला फरक ओळखतो. बाहेर ऑक्सिजन 21 टक्के, आत जवळपास शून्य. तो प्लास्टिकमध्ये विरघळतो, सरकत जातो आणि आतल्या बाजूने बाहेर पडतो. गाठ घट्ट असूनही फुगा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, तो याच वाटेने.

मऊ, हाताळायला सोपी सिलिकॉनची नळी इथे सर्वांत घातक. तिच्यातून ऑक्सिजन टेफ्लॉनच्या शंभरेक पट सहज जातो. डोळ्याला ऑक्सिजन मिळावा म्हणून कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सिलिकॉन घालतात, ते याच गुणासाठी. शिवाय त्याची वाफ तारेवर थर चढवते. टेफ्लॉन रसायनांना दाद देत नाही, पण ऑक्सिजनला वाट देते. नायलॉन ऑक्सिजन चांगला अडवते, मात्र ओलावा शोषते. मुंबईच्या पावसाळ्यात हे विसरून चालणार नाही. मऊ पीव्हीसीतून त्याला लवचीक करणारी द्रव्ये वायूत मिसळतात. तेल काढून नीट स्वच्छ केलेले तांबे किंवा स्टेनलेस स्टील यांच्या भिंतीतून मात्र जवळजवळ काहीच आत येत नाही.

एक साधी परीक्षा आहे. वायूचा प्रवाह निम्मा करा. ऑक्सिजन दुप्पट झाला, तर दोष सिलिंडरचा नाही, वाटेतला आहे. पुष्कळदा सगळी नळी तांब्याची असते आणि सोयीसाठी शेवटचा हातभर तुकडा तेवढा प्लास्टिकचा जोडलेला असतो. शोध तिथूनच सुरू करावा आणि शुद्धता मोजावी ती उपकरणाच्या तोंडाशी.