जंगलात गुरं चारताय? मग लस आधी!

पावसाळ्यात नवापूरच्या सागवनालगत चरणारी गुरं बघत उभं राहायला मला भारी आवडतं. खुरांमागे गायबगळे असतातच. गायीनं पाऊल उचललं की नाकतोडा उडतो, बगळा तो टिपतो. कळपात ठिपक्याठिपक्यांची डांगी गाय दिसली तर नीट बघा. काळी टणक खुरं आणि तेलकट कातडी, म्हणून धो धो पावसात ती मजेत चरते. (दुधाची तुलना जर्सीशी करू नका, तो तिच्यावर अन्याय आहे!)

आता कायद्याचं. नवापूर तालुक्याला लागूनच गुजरातचा डांग आणि तिथलं पूर्णा अभयारण्य. राष्ट्रीय उद्यानात पाळीव गुरं चारायला बंदी असते. अभयारण्यात मात्र चराई नियम घालून चालू राहू शकते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कलम 33-अ सांगतं, की लस न टोचलेलं जनावर अभयारण्यात चरायला न्यायचं नाही, आणि अभयारण्यापासून 5 किलोमीटरच्या आतल्या गुरांच्या लसीकरणाची व्यवस्था वन विभागानं करायची. कारण साधं आहे : लाळ्या-खुरकूत गायीकडून चितळ-चौशिंग्यापर्यंत जाऊ शकतो आणि रानातल्या जनावराला कोण टोचणार?

दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराई हा सामूहिक हक्क आहे. गुराख्याला सरसकट घुसखोर ठरवणारे हे सोयीनं विसरतात.

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या. लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा.